जोखीम मूल्यांकनासाठी एआय: कुठवर वापरावं, कुठे थांबावं?

प्लांट_सेफ्टी

रंग आणि कोटिंगच्या कारखान्यातल्या दीडेकशे कामांचं जोखीम मूल्यांकन नव्याने करायचं आहे. जुन्या शीट तारीख बदलून पुढे सरकवलेल्या आहेत. वरून सूचना अशी की मसुदे एआयकडून करून घ्या, कॅमेऱ्यांवर हेल्मेट-ओळख बसवा आणि जुन्या अपघात नोंदींवरून पुढचा अपघात कुठे होईल ते काढा.

नमुन्यादाखल दोन कामं भाषा-मॉडेलला दिली. पहिलं, "मिक्सिंग टाकीची आतून सफाई, सॉल्व्हंट टोल्युइन". उत्तर आलं: घसरून पडणे, रसायनाचा संपर्क, वाफा श्वासात जाणे, आग. उपाय: हेल्मेट, हातमोजे, मास्क, प्रशिक्षण, वायुवीजन. गुण (शक्यता × तीव्रता) 3 × 4 = 12, मध्यम. दुसरं, "डायक्लोरोमिथेनने सुटे भाग पुसणे". उत्तर: नायट्राइल हातमोजे, चष्मा, गुण 6, कमी. तेच पुन्हा विचारलं तर पहिल्याला 16 आणि दुसऱ्याला 9.

उघड चुकीचं काही दिसत नाही, पण हातात काही लागल्यासारखंही वाटत नाही. प्रॉम्प्ट कसा लिहावा? गुण देऊ द्यावेत का? कॅमेरा आणि जुन्या नोंदी यांवर कितपत विसंबावं?

---

निळं_हेल्मेट

उघड चुकीचं आहे, आणि तेही जिवावर बेतणारं. दुसऱ्या कामापासून सुरू करतो, ते छोटं आहे.

डायक्लोरोमिथेन नेहमीच्या पातळ नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत, बऱ्याचदा त्याहूनही लवकर आरपार जातं. हातमोजा बाहेरून धड दिसतो आणि सॉल्व्हंट आत त्वचेला चिकटून राहतं. तिथे पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) किंवा अनेक थरांच्या लॅमिनेट फिल्मचे हातमोजे लागतात (पीव्हीएला पाणी चालत नाही, हे स्टोअरवाल्याला आधीच सांगून ठेवा). उत्कलनबिंदू साधारण 40 अंश, म्हणून मास्कचं सेंद्रिय वाफेसाठीचं साधं ए प्रकारचं कार्ट्रिजही भरवशाचं नाही. युरोपीय वर्गीकरणात 65 अंश किंवा त्याखाली उकळणाऱ्या अशा द्रव्यांसाठी एएक्स हा वेगळाच प्रकार आहे. शिवाय शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्या माणसाला ते जास्त घातक.

पण खरी गोम वेगळीच आहे. तुम्ही काम लिहितानाच सॉल्व्हंट नावात बांधून टाकलंत, मग मॉडेल ते काढून टाकायचं कशाला सुचवेल? "सुट्या भागांवरचं ग्रीस काढणे, भाग पोलादी, आकार तळहाताएवढा, पुढची पायरी रंग" असं लिहून बघा. लगेच क्षारीय डिटर्जंटचं गरम पाणी, अल्ट्रासॉनिक बाथ असे पर्याय येतील. धोका मुळातून काढणे, बदलणे, अभियांत्रिकी उपाय, कामाची पद्धत आणि सगळ्यात शेवटी पीपीई (हातमोजे, हेल्मेट अशी अंगावरची संरक्षक साधनं), हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. मॉडेल मात्र शेवटच्या पायरीवरून सुरू होतं, कारण त्याने वाचलेल्या शीट तशाच भरलेल्या असतात.

आता टाकी. टोल्युइनच्या टाकीवर नायट्रोजनचं आवरण (आग टाळायला हवेऐवजी भरलेला नायट्रोजन) असतं का, हे मसुद्यात कुठेच नाही. असेल तर पहिला धोका आग नाही, ऑक्सिजन कमी असणं हा आहे. वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. प्रवेशासाठी ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांत हवा. आणि इथेच एक फसवी गोष्ट: ज्वलनशील वायू मोजणारा कॅटॅलिटिक बीड सेन्सर चालायलाच ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो शून्याच्या आसपास दाखवेल, आणि टोल्युइनची वाफ तर तिथेच असेल. म्हणून आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशीलता, मग विषारीपणा, याच क्रमाने मोजायचं, आणि वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती तळाशीच सापडते.

दुसरी गफलत आकड्याची. टोल्युइनची खालची स्फोटमर्यादा (हवेत त्याहून कमी वाफ असेल तर ती पेटत नाही) सुमारे 1.1 टक्के, म्हणजे 11,000 पीपीएम (दहा लाखांत 11,000 भाग). मीटर त्या मर्यादेच्या 10 टक्क्यांवर बोंबलतो तेव्हा हवेत 1,100 पीपीएम टोल्युइन झालेलं असतं. नायोश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या यादीत जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी 500 पीपीएम आहे. मीटर गप्प आहे म्हणजे श्वास घ्यायला हरकत नाही असं नव्हे. त्यासाठी कमी पीपीएम मोजणारा पीआयडी (फोटो-आयोनायझेशन) सेन्सर लागतो.

ढवळणीच्या मोटरचं लॉकआउट (वीज तोडून कुलूप लावणं), टाकीत येणाऱ्या लाइन नुसत्या व्हॉल्व्ह बंद करून न ठेवता ब्लाइंड (बंद तबकडी) टाकून तोडणं, बाहेर उभा राहणारा माणूस, आत न उतरता वर ओढून काढायची सोय, हे सगळं मसुद्यातून गायब आहे. वायुवीजन म्हटलंय, पण किती, कुठून, आणि पंखा स्फोटरोधक आहे का, हे नाही.

यावर उपाय म्हणजे मॉडेलला शीर्षक न देता काम देणं. माझ्या मते प्रत्येक कामासाठी एवढं तरी टाकावं:

कामाच्या 8 ते 15 पायऱ्या, काम करणाऱ्या माणसाने सांगितलेल्या, एसओपीतून (लेखी कार्यपद्धतीतून) उचललेल्या नव्हेत. वस्तूंची वजनं, उंची, दाब, तापमान, व्होल्टेज, रसायनाचं प्रमाण आणि सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक). शेजारी त्याच वेळी काय चालू असतं. काम किती वेळा आणि किती वेळ चालतं. आणि पायरी अडली तर लोक प्रत्यक्षात काय करतात. हा शेवटचा मुद्दा सुटला तर सगळ्यात महागात पडतो. गाळणी तुंबली की झाकण उघडून सळईने खोचतात, हे एसओपीत लिहिलेलं नसतं आणि अपघात बहुधा तिथेच होतो.

मग विचारायचं ते असं: "प्रत्येक पायरीसाठी गुरुत्व, हालचाल, यांत्रिक, विद्युत, दाब, उष्णता, रसायन, जैविक, किरणोत्सार आणि आवाज या ऊर्जास्रोतांवरून एकेक करून जा. प्रत्येक धोक्यासाठी लिही: ऊर्जा कोणती, ती कोणापर्यंत कशी पोचते, सध्याचा कोणता उपाय अडवतो आणि तो निकामी कसा होऊ शकतो. माहिती अपुरी असेल तर अंदाज करू नकोस, प्रश्न विचार. गुण देऊ नकोस. मानकांचे कलम क्रमांक देऊ नकोस." शेवटच्या वाक्याचं कारण साधं आहे: मॉडेल न अडखळता अस्तित्वात नसलेली कलमं लिहून देतं आणि ऑडिटरने ते पकडलं की सगळ्या शीटवरचा विश्वास उडतो.

मॉडेलने विचारलेले प्रश्न हाच त्या मसुद्याचा सगळ्यात मौल्यवान भाग असतो. ते घेऊन प्रत्यक्ष कामाच्या जागी जा.

---

गणित_कच्चं

गुणांबद्दल. एकाच कामाला एकदा 12, एकदा 16 यावर वैतागू नका, तो मॉडेलचा दोष जेवढा तेवढाच मॅट्रिक्सचा (शक्यता आणि तीव्रता यांच्या तक्त्याचा). शक्यता 2 आणि तीव्रता 5 चे 10 होतात, शक्यता 5 आणि तीव्रता 2 चेही 10. एकात माणूस मरतो, दुसऱ्यात बोट कापतं. हे क्रमांक आहेत, मापं नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा यांचा गुणाकार करून काय मिळणार? टोनी कॉक्स यांनी 2008 साली रिस्क ॲनालिसिस या नियतकालिकात दाखवून दिलंय की काही परिस्थितीत अशी मॅट्रिक्स प्रत्यक्ष जोखमीच्या उलटा क्रम देऊ शकते. भाषा-मॉडेलकडे तर तुमच्या कारखान्यातली वारंवारता नाहीच, त्यामुळे त्याची "शक्यता 3" म्हणजे वाक्य सुबक वाटावं म्हणून टाकलेला आकडा.

गुण द्यायचेच असतील तर ते माणसांनी द्यावेत, आणि मॉडेलने फक्त तीव्रतेचा आधार गणिताने तपासावा. उदाहरणार्थ, 2 किलोचा पाना 10 मीटरवरून पडला तर ऊर्जा 2 × 9.8 × 10, म्हणजे 196 ज्यूल. औद्योगिक हेल्मेटच्या ईएन 397 मानकातली धक्का शोषणाची चाचणी 5 किलो वजन 1 मीटरवरून टाकून होते, म्हणजे सुमारे 49 ज्यूल. मसुद्यात "उपाय: हेल्मेट" आलं की हा हिशोब मांडायला लावा. उपाय आपोआप बदलतो: पान्याला दोरी, खाली जाळी, आणि खालचा भाग बंद.

आता कॅमेरा. विक्रेता "98 टक्के अचूक" म्हणतो तेव्हा पुढचा हिशोब त्याच्यासमोर करा. समजा एका शिफ्टमध्ये कॅमेऱ्यासमोरून 10,000 वेळा माणूस गेला आणि त्यात 1 टक्का वेळा, म्हणजे 100 वेळा, हेल्मेट नव्हतं. यंत्रणेने त्यातले 90 पकडले. हेल्मेट घातलेल्या 9,900 पैकी 2 टक्क्यांना चुकून "नाही" म्हटलं, म्हणजे 198. एकूण इशारे 288, खरे 90. दर 10 इशाऱ्यांतले 7 खोटे. आठवडाभरात कंट्रोल रूमवाला आवाज बंद करतो, मग ते 90 पण गेले. आणि शिस्त सुधारून न घालणारे 10 वर आले तर 9 खऱ्यांमागे जवळपास 200 खोटे, म्हणजे कारखाना जितका चांगला तितकी यंत्रणा वाईट दिसणार.

म्हणून करारात "अचूकता" हा शब्दच नको. दोन आकडे मागा: खऱ्या घटनांपैकी किती पकडल्या, आणि दर कॅमेरा दर शिफ्ट खोटे इशारे किती. चाचणी त्यांच्या व्हिडिओवर नको, तुमच्याच कॅमेऱ्यांवर हवी. रात्र, उलट प्रकाश, काचेवर धूळ, वाकलेला माणूस, हातात धरलेलं हेल्मेट, कापडी टोपी, हे सगळं त्यात यायला हवं. एकाच माणसाच्या लागोपाठच्या 40 फ्रेम म्हणजे 40 घटना नव्हेत, तसं मोजलं की आकडे फुगतात.

---

इंटरलॉक

वरच्यांनी शोधण्याबद्दल लिहिलं. कॅमेऱ्याने काहीतरी *थांबवायचं* असा विचार असेल तर ते वेगळं प्रकरण आहे.

फोर्कलिफ्ट ताशी 10 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 2.8 मीटरने चालली आहे. चित्र घेणं, मॉडेल चालवणं, नेटवर्क आणि भोंगा यांना मिळून अर्धा सेकंद लागला तर भोंगा वाजेपर्यंत ती 1.4 मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर चालकाचा प्रतिसाद आणि ब्रेकचं अंतर. यंत्राजवळही तेच. आयएसओ 13855 मध्ये चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला 1,600 मिलिमीटर धरतात. ओळख ते यंत्र पूर्ण थांबणं यांत 1.2 सेकंद जात असतील तर किमान अंतर 1,920 मिलिमीटर, त्यावर आणखी भर वेगळी. इतकी जागा प्रेसपाशी असते का?

आणि वेळ हा सोपा भाग. सुरक्षा कार्य म्हणून काही वापरायचं तर ते किती वेळा निकामी होईल हे आयएसओ 13849 किंवा आयईसी 61508 प्रमाणे दाखवता आलं पाहिजे. प्रकाश-पडद्यात (प्रकाशकिरण अडला की यंत्र थांबवणाऱ्या साधनात) बिघाड झाला तर तो यंत्र थांबवतो. न्यूरल नेटवर्कला माणूस दिसला नाही तर ते तसं सांगत नाही, त्याच्या लेखी तिथे कुणीच नसतं. एआय आणि फंक्शनल सेफ्टीवर आयएसओ-आयईसीचा टीआर 5469 हा तांत्रिक अहवाल 2024 मध्ये आलाय, तो बघा. तोवर गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडला की यंत्र बंद करणारं कुलूप), प्रकाश-पडदा जागच्या जागी ठेवा आणि कॅमेऱ्याला त्यांच्या वर जादा इशारा देणारा इतकंच माना. "एआय कॅमेरा बसवला म्हणून गार्ड काढला" असं वाक्य बदल-व्यवस्थापनाच्या फॉर्मवर दिसलं तर तो फॉर्म परत पाठवा.

---

पाठकणा

एक भर. व्हिडिओवरून शरीराची ठेवण ओळखून रेबा किंवा रुला गुण (काम करताना शरीरावर येणाऱ्या ताणाचे गुण) देणारी साधनं बरीच निघालीत. सांध्यांचे कोन ती ठीक काढतात. पण रेबामध्ये वजनाचा वेगळा गुण असतो: 5 किलोखाली 0, 5 ते 10 ला 1, त्यावर 2. पकडीचा गुणही वेगळा. डबा रिकामा आहे की भरलेला, हे व्हिडिओ सांगत नाही. ही माहिती हाताने भरली नाही तर साधन गुपचूप 0 धरतं.

नायोशच्या उचलण्याच्या सूत्रात अंतराची चूक किती महागात पडते ते बघा. 23 किलो हा स्थिरांक, आडव्या अंतराचा गुणक 25 भागिले अंतर सेंटिमीटरमध्ये. 12 किलोचं खोकं, उंची 75 सेंमी, 25 सेंमी वर उचलायचं, वळायचं नाही, पकड चांगली, मिनिटाला एकदा, पूर्ण 8 तास (वारंवारतेचा गुणक 0.75). खरं अंतर 40 सेंमी असेल तर शिफारस केलेलं वजन 10.8 किलो आणि निर्देशांक (खोक्याचं वजन भागिले शिफारस केलेलं वजन, 1 च्या वर गेला की लाल) 1.11. समोरून लावलेल्या एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्याने 30 सेंमी धरलं तर वजन 14.4 किलो आणि निर्देशांक 0.83. तेच काम लालमधून हिरव्यात. कॅमेरा बाजूने, कमरेच्या उंचीवर लावा, आणि अंतर दोन घोट्यांच्या मध्यापासून दोन्ही हातांच्या मध्यापर्यंत टेपने एकदा तरी मोजा. टेप स्वस्त असते.

---

प्लांट_सेफ्टी

खूप उपयोगी. डायक्लोरोमिथेनचं काम आजपासून थांबवतोय, टाकीवर नायट्रोजन आहेच. दोन गोष्टी राहिल्या. मसुदे सुधारले तरी तपासणारे "ठीक आहे" म्हणून सह्या ठोकतील ही भीती आहे. आणि जुन्या नोंदींचं काय?

---

निळं_हेल्मेट

सह्यांबद्दल: क्रम उलटा करा. आधी दोन माणसांनी, एक ऑपरेटर आणि एक मेंटेनन्सवाला, मॉडेलचं न बघता आपली यादी लिहायची. मग मॉडेलची. मग दोन्ही शेजारी ठेवून फरकावर बोलायचं. आधी छापील मसुदा हातात दिला की माणूस त्यात नसलेलं शोधत नाही, असलेलं वाचतो. अधूनमधून मसुद्यात मुद्दाम एखादी चूक पेरा, म्हणजे टाकीच्या कामातून लॉकआउटची ओळ उडवून द्या, आणि ती पकडली जाते का बघा. मात्र हे लोकांना आधी सांगून करा, आणि शीट मंजूर होण्याआधी पेरलेली चूक बाहेर काढायची जबाबदारी एका नावावर ठेवा.

साधन कामाचं आहे का हे ठरवायला जुनी, नीट तपासलेली 20-30 मूल्यांकनं घ्या, फक्त कामाच्या पायऱ्या मॉडेलला द्या आणि जिवावर बेतणाऱ्या धोक्यांपैकी किती सुटले ते वेगळं मोजा. "एकूण 90 टक्के धोके सापडले" याला अर्थ नाही, सुटलेल्या 10 टक्क्यांत नायट्रोजन असेल तर.

---

गणित_कच्चं

निळं_हेल्मेट यांच्याशी एका बाबतीत मतभेद. दीडशे कामांना आंधळी यादी करायला बसलात तर चाळिसाव्या कामाला लोक कंटाळतील आणि पुन्हा कॉपी-पेस्ट सुरू होईल. बंदिस्त जागा, उंची, दाब, वीज, गरम काम, रसायन बदलणं, एवढ्यांना तो क्रम ठेवा. ऑफिस आणि पॅकिंगला मॉडेलचा मसुदा आधी दिला तरी चालेल.

जुन्या नोंदींबद्दल चार गोष्टी तपासा, त्याशिवाय मॉडेलला हात लावू नका.

कमी नोंदी असलेला विभाग सुरक्षित असतो किंवा गप्प असतो. मॉडेलला फरक कळत नाही, ते प्रामाणिक विभागाला धोकादायक ठरवतं, आणि त्या सुपरवायझरला बैठकीत झापलं की पुढच्या महिन्यापासून तोही गप्प. निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) आणि प्रथमोपचाराच्या नोंदी यांचं प्रमाण विभागवार काढा. जिथे प्रथमोपचार पेटीतलं सामान संपतं पण नोंद शून्य, तो विभाग गप्प आहे.

भाजक हवा. कामाचे तास नसतील तर मोठा विभाग नेहमीच वर येणार.

डेटातली गळती, म्हणजे उत्तर आधीच प्रश्नात शिरणं. "गंभीर होईल का" हे ओळखायला अपघाताचं वर्णन दिलं आणि त्यात "रुग्णालयात हलवले" असं लिहिलेलं असेल, तर मॉडेल 95 टक्के बरोबर येईल आणि उपयोग शून्य, कारण ते वाक्य अपघातानंतरचं आहे. अपघाताआधी माहीत असलेले रकाने तेवढेच द्या. आणि चाचणीसाठी नोंदी यदृच्छया वाटू नका. जुनी वर्षं शिकायला, शेवटचं वर्ष तपासायला.

चौथी सगळ्यात मोठी. किरकोळ दुखापतींवरून मोठा स्फोट कळत नाही. 2005 मध्ये टेक्सस सिटीच्या बीपी रिफायनरीत 15 जण गेले. तिथे वैयक्तिक दुखापतींचा दर सुधारत होता, त्यावरच सगळ्यांचं लक्ष होतं, आणि टॉवर प्रमाणाबाहेर भरत असताना पातळी दाखवणारं उपकरण चुकीचं सांगत होतं. तुमच्या नोंदींत घसरणं आणि कापणं भरपूर असेल, तर मॉडेल घसरणं आणि कापणंच सांगेल. प्रक्रियेच्या धोक्यासाठी वेगळा डेटा लागतो: बायपास केलेले इंटरलॉक, थकीत सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्या, वारंवार वाजून दाबलेले अलार्म, मुदतवाढ दिलेले परमिट. हे तुमच्या मेंटेनन्स सिस्टीममध्ये पडून असेल. भाषा-मॉडेल मला खरोखर उपयोगी वाटतं ते इथे: हजारो मोकळ्या मजकुराच्या वर्क ऑर्डर वाचून "तात्पुरते", "जम्पर", "नंतर बघू" अशा नोंदी एका जागी काढणं. प्रत्येक नोंदीचा मूळ क्रमांक मागा आणि त्यातल्या 50 हाताने पडताळा.

---

इंटरलॉक

नोंदी बाहेरच्या सेवेत टाकण्याआधी नावं, कर्मचारी क्रमांक आणि वैद्यकीय तपशील काढा. नुसतं नाव काढून भागत नाही, "रात्रपाळीचा बॉयलर ऑपरेटर" म्हणजे एकच माणूस असतो.

कॅमेऱ्याचे इशारे शिस्तभंगाच्या फाइलमध्ये जाणार नाहीत हे कामगार प्रतिनिधींसोबत लेखी ठरवा, चित्र किती दिवस ठेवणार तेही. मालाची युरोपात नुसती विक्री असेल तर नव्हे, पण तिथे प्लांट असेल तर 2024/1689 हा एआय कायदा लागू होतो: कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. थकवा ही त्या व्याख्येत भावना धरलेली नाही, पण चालकाची झोप पकडणाऱ्या कॅमेऱ्यात विक्रेत्याने "मूड" नावाचा रकाना चालू ठेवलेला असतो, तो बंद करून घ्या.

---

पाठकणा

टाकीचं मूल्यांकन पुन्हा कराल तेव्हा आत उतरायचं तोंड (मॅनहोल) किती सेंटिमीटर आहे तेही मॉडेलला द्या. हार्नेस आणि श्वसनयंत्र घातलेला माणूस त्यातून बेशुद्ध अवस्थेत वर ओढता येतो का, हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला नाही तर प्रॉम्प्टमध्ये माहिती अजून कमी आहे.